वाचक विचारतात : जुहूची आखूड धावपट्टी

जुहूच्या छोट्या विमानतळाविषयी या सदरात दोन महिन्यांपूर्वी चार ओळींचे एक उत्तर छापले होते. त्यावर आलेली पत्रे त्या उत्तराच्या कितीतरी पट भरली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि वाचकांची नावे न देता त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : जुहूला विमानतळ आहे असे सारे सांगतात, परंतु तेथून सुटणाऱ्या विमानाचे तिकीट मला आजवर कोणीही विकलेले नाही. मग हा विमानतळ सार्वजनिक म्हणायचा की काही धनिकांची खासगी सोय? (एक निवृत्त शिक्षक, ठाणे)

उत्तर : एस.टी.चे आगार आणि नाक्यावरचा जीपगाड्यांचा थांबा ही दोन्ही ठिकाणे सार्वजनिकच असतात, पण वेळापत्रकाची पाटी फक्त आगारात असते. जुहू हा या अर्थाने थांबा आहे. वेळापत्रकाने चालणारी प्रवासी विमाने आणि लष्कराची विमाने वगळली, तर जे उरते त्या सगळ्याला जगभर ‘जनरल एव्हिएशन’ म्हणतात. त्यात शिकाऊ वैमानिकाचे दोन आसनी विमान येते, रुग्णाला नेणारी हवाई रुग्णवाहिका येते, निवडणुकीच्या सभांना जाणारे भाड्याचे हेलिकॉप्टर येते आणि हौसेने विमान बाळगणारा उद्योगपतीही येतो. ‘सामान्य विमान वाहतूक’ हा त्याचा शब्दशः मराठी अवतार कागदोपत्री दिसतो खरा, पण त्याने कोणाला काही कळत असेल असे मला वाटत नाही.

जुहूचा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते, म्हणजे तो सरकारी मालकीचा आहे. नियमांत बसणारे विमान, परवानाधारक वैमानिक, मंजूर झालेला उड्डाण आराखडा आणि ठरलेले शुल्क एवढे असले, की तो वापरता येतो. धनिकांची सोय तेथे होते हे खरेच, परंतु रोजच्या उड्डाणांत मोठा वाटा आहे तो समुद्रातील तेलविहिरींवर कामाला जाणाऱ्या माणसांचा. त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

प्रश्न : येरवड्याच्या मैदानावर पावसाळ्यात टाटांची विमाने उतरत असत, असे माझे आजोबा सांगत. घरात आम्ही सारे त्यांना हसत असू. यात काही तथ्य आहे का? (पुणे)

उत्तर : आजोबांना हसणाऱ्यांनी आता त्यांच्या तसबिरीपुढे कान पकडावेत.

जुहूचा विमानतळ १९२८ सालचा, नागरी उड्डाणासाठीचा देशातील पहिला. बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ते कराचीहून ‘पुस मॉथ’ जातीचे एक इंजिनाचे विमान घेऊन निघाले, अहमदाबादला इंधनासाठी थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. विमानात प्रवासी नव्हता, सुमारे २५ किलो टपाल होते. लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेली ती पत्रे होती. जुहूहून तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. ही सगळी योजना मुळात व्हिन्सेंट यांनीच टाटांपुढे मांडली होती, पण त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. भारतातील नियमित हवाई टपालसेवेच्या पहिल्या दिवशी विमानाला बैलाने हातभार लावला, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते.

आता पावसाळ्याविषयी. त्या काळचे जुहू म्हणजे भरतीच्या पाण्याशी लागून असलेली सखल, दलदलीची जमीन आणि तिच्या कडेला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. जून लागला की तेथे धावपट्टी उरत नसे, तळे होई. म्हणून टाटांची मंडळी दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक एवढा सारा बारदाना उचलून पुण्याला हलवत आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान वापरत. जे. आर. डी. यांनी स्वतःच ही आठवण पुढे मिस्कीलपणे सांगितली आहे. पावसाळ्यात आमचा विमानतळ समुद्राच्या तळाशी असे, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे आहे.

बारमाही चालेल आणि मोठी विमाने पेलेल अशा जागेची गरज त्यातूनच उघड झाली. युद्धकाळात सांताक्रूझला लष्करी विमानतळ झाला आणि १९४८ मध्ये प्रवासी वाहतूक तिकडे गेली. जुहू मात्र बंद पडले नाही. १९८२ साली, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांचे जे. आर. डी. ‘लेपर्ड मॉथ’ हे तितकेच जुन्या घडणीचे विमान घेऊन कराचीहून एकट्याने आले, ते जुहूलाच.

प्रश्न : एक मोठे परदेशी जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले होते, ही गोष्ट खरी की चाळीतल्या गप्पा? एवढी मोठी चूक कशी होऊ शकते? (डोंबिवली)

उत्तर : खरी आहे, आणि एकदा नव्हे. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनी बी.ओ.ए.सी.चे ‘कॉमेट’ हे प्रवासी जेट जुहूला उतरले. ते शाबूत होते, पण एवढ्या आखूड धावपट्टीवरून ते पुन्हा उठवायचे कसे हा प्रश्न होता. शेवटी विमान शक्य तेवढे हलके करून नवव्या दिवशी ते तेथून उडवले गेले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या ‘डीसी-८’ने हीच चूक केली. ते विमान धावपट्टी संपल्यावरही थांबले नाही आणि त्याची इतकी मोडतोड झाली की ते पुन्हा कधी उडाले नाही. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही.

चुकीचे कारण नकाशा उघडला की दिसते. पश्चिमेकडून, समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाच्या वाटेत आधी जुहूची धावपट्टी येते आणि तिच्या पूर्वेला सुमारे दोन किलोमीटरवर, जवळपास त्याच दिशेने टाकलेली सांताक्रूझची मुख्य धावपट्टी येते. जुहूची लांबी १,१४३ मीटर, तर सांताक्रूझची सुमारे साडेतीन किलोमीटर. पण उंचावरून, ढगांच्या फटीतून, लांबच्या प्रवासाने शिणलेल्या डोळ्यांना लांबीचा अंदाज येत नाही. डांबराचा लांबट पट्टा आणि त्याची दिशा तेवढी दिसते. आज धावपट्टीकडे नेमके नेणारे संदेश उपकरणावर येत असल्यामुळे अशी चूक जवळपास अशक्य झाली आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा पुनर्विकास विमानतळाच्या उंचीच्या अटीमुळे अडला आहे. विकासकाने सुरुवातीला जेवढे मजले सांगितले तेवढे आता मिळणार नाहीत, असे त्याचे म्हणणे आहे. वर्षातून मोजकीच विमाने उडत असलेल्या धावपट्टीसाठी हजारो कुटुंबांना का अडवले जाते? (विलेपार्ले पश्चिम, याच आशयाची आणखी सात पत्रे)

उत्तर : तुमच्या प्रश्नातील ‘मोजकीच विमाने’ हा भाग आधी बाजूला ठेवतो, कारण हेलिकॉप्टरे धरली तर जुहूवर वर्दळ थोडी नाही. मूळ तक्रार मात्र रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे.

विमानतळाची जमीन कुंपणापाशी संपते, हद्द संपत नाही. धावपट्टीच्या टोकापासून एक अदृश्य उतरण बाहेरच्या बाजूला चढत जाते असे समजा. विमान त्या उतरणीच्या वरून येते-जाते, आणि तिच्यात कोणतीही इमारत, खांब किंवा झाडाचा शेंडाही घुसू नये असा दंडक आहे. जुहूएवढ्या लांबीच्या आणि डोळ्यांनी पाहून विमान उतरवण्याच्या धावपट्टीसाठी ही उतरण आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे २५ मीटरला १ मीटर एवढी असते आणि ती धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटरवर सुरू होते. म्हणजे तेथून ५०० मीटर दूर गेलात तरी तुम्हाला मिळते ती २० मीटरची उंची, फार तर सहा मजले. धावपट्टीच्या दोन्ही अंगांनाही अशाच, पण जास्त खड्या उतरणी असतात. त्यांच्या वर, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर, ताटासारखे एक सपाट आवरण येते. पार्ल्यावर जुहूबरोबरच सांताक्रूझच्या उतरणीही येतात. तुमच्या भूखंडावर ज्याची अट कडक, त्याचीच लागू होते. त्यामुळे उद्या जुहू बंद झाले तरी पार्ल्यात सगळीकडे तीस मजले उठतील हा समज चुकीचा आहे. काही गल्ल्यांना फरक पडेल, काहींना पडणार नाही.

आता तुमच्या विकासकाला विचारण्याच्या गोष्टी. प्राधिकरणाने मुंबईचा रंगीत क्षेत्रनकाशा प्रसिद्ध केलेला आहे आणि तो कोणालाही पाहता येतो. त्यातील तांबड्या भागात प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावेच लागते; इतर रंगांच्या चौकटींत लिहिलेल्या उंचीपर्यंतची परवानगी महापालिका देऊ शकते. गोंधळ होतो तो पुढे. चौकटीतील आकडा जमिनीपासूनचा नसतो, समुद्रसपाटीपासूनचा असतो. समजा चौकटीत ४५ मीटर लिहिले आहे आणि तुमच्या भूखंडाची पातळी ५ मीटर आहे, तर इमारतीला मिळतात ४० मीटर. या ४० मीटरांत गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, मोबाइलचा अँटेना आणि विजेपासून संरक्षण करणारी सळईसुद्धा बसली पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत पहिल्याच बैठकीत चौकटीतल्या आकड्याला तीनाने भागून मजले जाहीर झाले होते. टाकी आणि लिफ्टची खोली कोणी मोजलीच नव्हती. दोन मजले कमी होत आहेत हे कळेपर्यंत लोकांनी घरे रिकामी केली होती.

तेव्हा करारावर सह्या करण्याआधी भूखंडाच्या पातळीचा आणि अक्षांश-रेखांशांचा सर्वेक्षकाचा दाखला स्वतः पाहावा आणि विकासक सांगतो ती उंची जमिनीपासूनची की समुद्रसपाटीपासूनची, हे लेखी मागावे. बांधकामाच्या वेळी उभी राहणारी उंच क्रेनही याच अटीत येते, हेही त्याला माहीत असल्याची खात्री करून घ्यावी.

ही अट अन्यायाची आहे का? १९२८ साली कोणीही वस्तीच्या मध्यावर विमानतळ बांधला नव्हता. वस्ती त्याच्याकडे चालत आली. पण आज तेथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्यात काही दोष नाही, आणि हक्काची उंची गमावणाऱ्याला बदल्यात काय मिळते याचे समाधानकारक उत्तर अजून कोणत्याही यंत्रणेने दिलेले नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : आम्ही सनीवेलला राहतो. रविवारी मुलांना घेऊन पालो आल्टोच्या छोट्या विमानतळालगतच्या बेलँड्समध्ये फिरायला जातो. तेथे शिक्षक, डॉक्टर, प्रोग्रामर अशी साधी माणसे स्वतः विमान चालवताना दिसतात. भारतात हे का रुजले नाही? (कॅलिफोर्निया)

उत्तर : तुमच्या पालो आल्टोची धावपट्टी सुमारे ७४५ मीटर आहे, म्हणजे जुहूहूनही बरीच आखूड. तेव्हा अडचण डांबराची नाही.

अमेरिकेत सर्वांना वापरता येतील असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ठिकाणी तिकिटाचे विमान कधीच येत नाही. आपल्याकडे प्रवासी वाहतूक चालणारे विमानतळ दीडशेच्या आसपास आहेत. छोटे विमान एका ठिकाणाहून उडून दुसऱ्या छोट्या ठिकाणी उतरते तेव्हाच ते कामाचे ठरते; उतरायला जागाच विरळ असल्या तर त्याच धावपट्टीभोवती घिरट्या घालण्यापलीकडे काही उरत नाही. इंधनाचेही तसेच. पिस्टन इंजिनाला लागणारे एव्हीगॅस हे जेटच्या इंधनाहून वेगळे असते. ते आपण वर्षानुवर्षे परदेशातून आणत होतो. इंडियन ऑइलने ते देशात तयार करून बाजारात आणले ते २०२२ मध्ये.

पण तुमच्याकडचे चित्रही दुरून दिसते तेवढे निवांत नाही. तुमच्या शेजारच्या सॅन होझेतील रीड-हिलव्ह्यू विमानतळावर सांता क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून शिसेयुक्त एव्हीगॅसची विक्री बंद केली, कारण भोवतालच्या वस्तीतील मुलांच्या रक्तातील शिशाचा प्रश्न पुढे आला होता. सांता मोनिकाच्या विमानतळाबाबत शहर आणि केंद्रीय विमान प्रशासन यांच्यात २०१७ मध्ये तडजोड झाली. तिच्यानुसार तेथील जवळपास ५,००० फुटांची धावपट्टी ३,५०० फुटांवर आणली गेली आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर तो विमानतळ बंद करण्याची मोकळीक शहराला मिळाली. शिकागोत तर त्याहून कडेलोट झाला. सरोवराच्या काठावरचे मेग्स फील्ड महापौरांच्या हुकमाने ३० मार्च २००३ च्या रात्री बुलडोझरने उखडले गेले. सकाळी पाहतात तो धावपट्टीवर मोठमोठे क्रॉस खणलेले आणि सोळा विमाने आत अडकलेली. त्यांना पुढे धावपट्टीशेजारच्या टॅक्सीवेवरून उडून जाण्याची परवानगी देण्यात आली. शहराला दंड झाला, तोही महानगराच्या तिजोरीला जाणवणार नाही एवढा. आज तेथे बाग आहे.

केंद्राचे अनुदान घेतले की विमानतळ ठरावीक वर्षे चालू ठेवण्याचे बंधन तेथे शहरांवर येते, म्हणून असे प्रकार विरळा होतात. शेजारी आणि वैमानिक यांचे भांडण मात्र पार्ल्यात आणि सांता मोनिकात एकाच जातीचे आहे.

प्रश्न : नवी मुंबईचा विमानतळ झाल्यावर जुहूची गरज काय? ती जागा मोकळी करून उद्यान करावे. (अंधेरी)

उत्तर : नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. जुहूपासून तो सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला आहे, आणि जुहूवरच्या हेलिकॉप्टरांना जायचे असते पश्चिमेला. १९७४ मध्ये जेथे तेल लागले ते मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे. तेथील फलाटांवर पाळीला जाणाऱ्यांची ने-आण पवन हंससारख्या कंपन्यांची हेलिकॉप्टरे जुहूवरून करतात. जाणाऱ्या प्रत्येकाचे सामानासकट वजन होते, अंगावर जीवरक्षक जाकीट चढते आणि हेलिकॉप्टर पाण्यात पडले तर उलटलेल्या अवस्थेत बाहेर कसे यायचे याचे प्रशिक्षण आधीच झालेले असते. इतके वजन मोजले जाते त्या यंत्रात येता-जाता पन्नास-साठ किलोमीटरचे जादा इंधन भरायचे म्हणजे तेवढी माणसे खाली ठेवायची. त्यामुळे उद्यानाची कल्पना मला मनापासून आवडली तरी या कामासाठी जुहूची जागा मोक्याची आहे हे नाकारता येत नाही.

धावपट्टी समुद्रात वाढवून तेथे मोठी विमाने आणण्याचा प्रस्ताव २०१० मध्ये मांडला गेला होता. त्याविषयी मी साशंक आहे. धावपट्टी लांबवता येईल, पण डोक्यावरून सांताक्रूझची दिवसाला नऊशेहून अधिक विमाने ये-जा करत असताना जुहूच्या मोठ्या विमानाला आकाशात जागा कोठून द्यायची?

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या धुळ्याच्या विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमाने उडतात. मला वैमानिक व्हायचे आहे. वयाची अट काय? आणि धावपट्टीवर नुसते आकडेच का लिहिलेले असतात? (धुळे)

उत्तर : मुंबईच्या क्लबला जुहूच्या गर्दीत शिकवणे अवघड झाले, म्हणून ती विमाने तुझ्या गावी आली. शिकाऊ परवाना १६ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो, खासगी वैमानिकाचा १७ व्या वर्षी आणि व्यावसायिक १८ व्या वर्षी. खासगी परवान्याला किमान ४० तासांचे आणि व्यावसायिकाला २०० तासांचे उड्डाण लागते. त्याआधी डोळे, कान आणि एकंदर प्रकृतीची वैद्यकीय तपासणी होते. ती लवकर करून घ्यावी, म्हणजे खर्चात पडण्याआधीच चित्र स्पष्ट होते.

आकडे म्हणजे होकायंत्राची दिशा, शेवटचे शून्य गाळून लिहिलेली. जुहूच्या पट्टीच्या एका टोकाला ०८ आहे, म्हणजे तेथून धावणाऱ्या विमानाचे नाक ८० अंशांकडे, जवळजवळ पूर्वेला असते. उलट टोकाला २६, म्हणजे २६० अंश, समुद्राकडे. दोन आकड्यांत नेहमी १८ चा फरक येतो. कोणत्या टोकाकडून उडायचे हे वारा ठरवतो, कारण विमान वाऱ्याला सामोरे जाऊन कमी अंतरात वर उठते. विमानतळावर खांबाला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी टांगलेली असते, तिला विंडसॉक म्हणतात. ताशी सुमारे २८ किलोमीटर वारा झाला की ती आडवी ताठ होते. तिचे रुंद तोंड वारा येतो त्या बाजूला असते आणि निमुळती शेपटी वारा जातो तिकडे. धुळ्याला एकदा सकाळी आणि एकदा दुपारी कुंपणाबाहेर उभी राहून आधी तिच्याकडे पाहा आणि पुढचे विमान कोणत्या टोकाकडून सुटेल ते मैत्रिणीला आधीच सांगून टाक.